मिरच्यांची दुसरी बाजू

मावशीचं मिरच्या वाळवायचं यंत्र मोज्यांमुळे जळालं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोजे कोणाचे, हेही ठाऊक होतं. फक्त मिरच्या वाळवायच्या यंत्रात मोजे कशाला, हे कोणाला नीट कळलेलं नव्हतं, आणि ज्याचे मोजे होते त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

त्याला घरात शास्त्रज्ञ म्हणत. हे कौतुक नव्हतं. लहानपणी साबण पाण्यात किती टिकतो हे बघायला त्याने गच्चीवरच्या टाकीत एक अख्खी वडी सोडली होती, आणि इमारतीतल्या लोकांच्या चहाला बरेच दिवस फेस येत होता. साबण कधीतरी संपला. नाव काही संपलं नाही.

आता तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीत कामाला होता. तिथे दिवसभर वाफ. वाफेने चष्मा धुरकट व्हायचा, तो पुसायचा, चष्मा परत धुरकट व्हायचा. इतक्या वर्षांत त्याने मालकांचा चेहरा स्वच्छ असा कधी पाहिलाच नव्हता. आवाजावरून त्यांना मिशी असावी, असा त्याचा अंदाज होता. तिथे कपडे वाळवायची भलीमोठी यंत्रं होती, पण कामगारांनी स्वतःचे कपडे त्यात टाकायचे नाहीत असा मालकांचा कडक नियम होता. म्हणून एका ओल्या सकाळी तो मोजे घेऊन मावशीकडे गेला होता. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहेच.

मावशीचं दुकान लाँड्रीच्या पलीकडेच होतं. आई गेल्यापासून या घराला रागावायचा हक्क मावशीकडे आला होता आणि तो ती दुकान सांभाळून बजावत असे. दुकानात एकच वस्तू मिळायची: वाळवलेल्या मिरचीची भरड, छोट्या छोट्या बाटल्यांतून. मिरच्या मावशीच्याच, शास्त्रज्ञाच्या इमारतीच्या गच्चीवर कुंड्यांत लावलेल्या. आखूड, जाड सालीच्या, लालभडक आणि अंगात भलतीच आग असलेल्या. बाटलीच्या झाकणावर मावशी स्वतःच्या हाताने लिहायची, ‘आधी थोडीच.’ ज्यांनी हे वाचलं नाही ते दुसऱ्यांदा आले नाहीत. ज्यांनी वाचलं ते वर्षानुवर्षं येत होते.

त्या दुकानात बसायचं, एवढं एकच स्वप्न शास्त्रज्ञाचं होतं. कोरडी हवा, स्वच्छ चष्मा, समोरून येणारं गिऱ्हाईक डोळ्यांसकट दिसणार.

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने त्याला बोलावून घेतलं. ऐन तोडणीचे दिवस होते. पलंगाशेजारी मिरच्यांची टोपली होती.

“या कुंड्यांवरच्या शेवटच्या,” मावशी म्हणाली. “यंत्र नाही. का नाही ते मी बोलणार नाही.”

“मावशी, ते मोजे—”

“बोलणार नाही म्हटलं ना. तर या तू उन्हात वाळव. मी चालती होऊन येईन तेव्हा यातली एक उचलीन आणि वाकवीन. कट्‌कन मोडली, तर दुकानात बसशील. वाकली, तर लाँड्रीतच बस. वाफ तब्येतीला चांगली असते म्हणतात.”

“कशी वाळवू पण?”

“मधोमध चीर, देठ काढ, पसर, रोज एकदा पालट. आणि हातमोजे घाल. हातमोजे, कळलं? पायातले नव्हेत.”

शास्त्रज्ञाने लाँड्रीतले रबरी हातमोजे घालून सगळ्या मिरच्या चिरल्या. हे त्याने फार काळजीपूर्वक केलं. मग त्याच हातमोज्यांनी चष्मा वर सरकवला आणि डोळा चोळला. अर्धा तास तो नळाखाली होता.

मिरच्या चिरून झाल्या म्हटल्यावर सल्ले आले. बाबा म्हणाले, दोऱ्यात ओवून खिडकीत टांग. दादा म्हणाला, फ्रिजच्या वरती ठेव, तिथे कायम गरम असतं. वहिनी म्हणाली, “भाऊजी, ऊन कशाला, ओव्हन आहे की. अगदी मंद ठेवायचा, दार किंचित उघडं, चार-पाच तासांत काम फत्ते.” लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याचं मत पडलं की थेट इस्त्रीच करावी, मध्ये ओलं फडकं घालून.

“अहो, वाळवायच्या आहेत,” शास्त्रज्ञ म्हणाला.

“मग फडकं कोरडं घाल,” इस्त्रीवाला म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर उपाय असायचा आणि तो नेहमी इस्त्रीच असायचा.

मावशीने ऊन सांगितलं होतं. पण शास्त्रज्ञ हा शास्त्रज्ञ होता. नमुना म्हणून मूठभर मिरच्या ओव्हनमध्ये घालून बघायला काय हरकत आहे, असं त्याला वाटलं. वहिनीने सांगितल्याप्रमाणे त्याने ओव्हन मंद ठेवला, दार किंचित उघडं ठेवलं, आणि ‘खिडक्या उघड’ हे वहिनीने सांगितलं नसल्यामुळे खिडक्या बंद ठेवल्या.

नाकाला मिरच्या झोंबणं हे आपण रागासाठी म्हणतो. त्या संध्याकाळी घरात कोणालाही राग आलेला नव्हता. आधी बाबा शिंकले. मग दादा फोनवर बोलता बोलता रडायला लागला. दादा घरबसल्या एका कंपनीच्या तक्रारी ऐकायचं काम करायचा. पलीकडच्या तक्रारदार बाईंना वाटलं की आपल्या मिक्सरची कहाणी ऐकून याला भरून आलंय, आणि त्यांनी तक्रार मागे घेतली. थोड्या वेळाने सगळं घर जिन्यात बसून खोकत होतं.

“शास्त्रज्ञा,” बाबा डोळे पुसत म्हणाले, “एक विचारू? तू आमचाच ना रे?”

हा वृत्तांत हॉस्पिटलात मावशीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती काहीच बोलली नाही. तेव्हाच शास्त्रज्ञाला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्याने काम मनावर घेतलं. माळ्यावर खिडकीच्या जुन्या डासांच्या जाळ्या पडल्या होत्या, लाकडी चौकटीच्या, सारख्या मापाच्या. एका जाळीवर त्याने मिरच्यांच्या फाका एकमेकींना न चिकटता मांडल्या, वरून दुसरी जाळी ठेवली आणि कडेने कपड्यांचे चिमटे लावले. आता एकेक फाक हाताने पालटायला नको. अख्खी चौकट उचलायची, उलटी करायची, संपलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काहीतरी जमलं होतं. घरातले सगळे एकेक करून बघून गेले, आणि कोणी काही बोललं नाही, म्हणजे आवडलं होतं.

गच्चीवर दिवसभर ऊन लागेल अशी एकच जागा होती, पाण्याच्या टाकीपुढची. टाकी रोज सकाळी ओसंडायची, त्यामुळे तिथली फरशी सदा ओलसर. म्हणून त्याने चौकट चार विटांवर ठेवली. वरून ऊन, खालून गारवा. पण रोज पालटल्यावर दोन्ही बाजूंना दोन्ही मिळणार, हा हिशेब.

रोज दुपारी जेवायला घरी आला की तो गच्चीवर जायचा, चौकट उलटी करायचा आणि धावत लाँड्रीत परतायचा. संध्याकाळी दव पडायच्या आत चौकट घरात आणायचा आणि सकाळी जशीच्या तशी परत नेऊन ठेवायचा. असे काही दिवस गेले. ऊन खणखणीत होतं. मग एका संध्याकाळी त्याने चिमटे काढून मिरच्या हातात घेऊन बघितल्या.

वरची बाजू सुकून कागदासारखी झाली होती. खालची बाजू ओलसर, कातड्यासारखी चिवट. एकदोन ठिकाणी पावसात राहिलेल्या बुटासारखा वास.

शास्त्रज्ञ विचारात पडला. रोज पालटतोय. मग एकच बाजू कशी वाळते? त्याला आश्चर्याने तोंडात बोट घालावंसं वाटलं, पण हाताला मिरची होती.

त्याला पहिली शंका स्वतःची आली, कारण घरात पहिली शंका नेहमी त्याचीच येत असे आणि त्यालाही सवय झाली होती. आपण पालटायचं विसरतोय का? त्याने घरातून निळा चिमटा आणला. बाकीचे सगळे चिमटे पिवळे होते. निळा त्याने वरच्या जाळीची चुणी पकडून बरोबर मध्यावर लावला. आता निळा वर म्हणजे ही बाजू, निळा खाली म्हणजे ती बाजू. याच्यापुढे विज्ञान जात नाही.

सकाळी निळा वर. दुपारी पालटलं, निळा खाली. संध्याकाळी आला तर निळा वर.

तो बराच वेळ चिमट्याकडे बघत उभा राहिला. चिमटाही त्याच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी पालटताना तो मोठ्याने म्हणाला, “मी आता पालटतोय. पालटलं. निळा खाली गेला.” शिवाय फोनने फोटोही काढला. संध्याकाळी निळा वर. त्याचाही फोटो काढला. दुपारच्या फोटोत निळा खाली.

“हे बघ,” त्याने इस्त्रीवाल्याला फोटो दाखवला. “हा दुपारचा. आणि हा संध्याकाळचा.”

इस्त्रीवाल्याने दोन्ही फोटो नीट पाहिले. वाफ आली, गेली. “दुपारी फोन उलटा धरला असशील,” तो म्हणाला.

“अरे, फोटोत टाकी सरळ आहे.”

“मग टाकीचं बघावं लागेल.”

“टाकी कशाला उलटी होईल?”

“मी कुठे म्हटलं होईल? तू विचारलंस म्हणून सांगितलं. तुझ्या मिरच्यांना सवय लागली असेल रे. मला डाव्या कुशीवरच झोप लागते. बायकोने कितीही ढकललं तरी सकाळी डाव्याच कुशीवर.”

हे पटण्यासारखं नव्हतं, पण त्या रात्री शास्त्रज्ञ स्वतः उजव्या कुशीवर झोपला आणि सकाळी कुठल्या कुशीवर उठतो ते बघायचं ठरवून जागाच राहिला.

पुढच्या दुपारी त्याने एक धाडसी गोष्ट केली. गच्चीवर गेला, चौकटीसमोर उभा राहिला, आणि काहीही न करता परत आला. दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टांत त्याने लाल टॉवेल टाकला आणि मालक मिशीतून, असं त्याला वाटलं, बरंच काही बोलले.

संध्याकाळी गच्चीवर गेला. निळा खाली होता.

म्हणजे पालटलं की पालटलं जात नाही, आणि नाही पालटलं की पालटलं जातं. त्याने हे वाक्य मनात तीनदा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा खरं वाटू लागलं. वारा म्हणावा तर वारा नेमका त्याच्या उलट कसा वागेल? कावळे म्हणावेत तर चौकट जड होती, आणि कावळ्यांना मिरच्यांची दुसरी बाजू वाळण्यात काय रस?

जेवताना त्याने सहज विषय काढावा तसा काढला. “गच्चीवर कोणी जातं का हो दुपारचं?”

“छे,” बाबा ताटात बघत म्हणाले.

“मी कशाला जाऊ?” दादा ताटात बघत म्हणाला.

“भाऊजी, भात वाढू?” वहिनी म्हणाली, ताटात बघत. ताट शास्त्रज्ञाचं होतं आणि त्यात भात होता.

मावशी पाच-सहा दिवसांत घरी येणार, असा निरोप आला. शास्त्रज्ञाच्या पोटात गोळा आला. मिरच्या अर्ध्या वाळलेल्या आणि अर्ध्या चामड्याच्या. मावशी एक उचलणार, वाकवणार, आणि ती वाकणार. मग जन्मभर वाफ.

त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायचं ठरवलं, आणि त्यासाठी मालकांना दुकानाबाहेर उजेडात गाठलं. मालकांना मिशी नव्हती. या धक्क्यातून सावरत त्याने पोटदुखीचं कारण सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

दुपारी त्याने रोजच्यासारखं जेवण केलं, “येतो हं” म्हणून रोजच्यासारखा निघाला, आणि खाली जायच्या ऐवजी वर गेला. चौकटीला हात लावला नाही. निळा खाली होता. टाकीच्या मागे जेमतेम एक माणूस मावेल अशी फट होती. तिथे पाय ओले करत तो बसून राहिला.

आधी लिफ्टचा आवाज आला. बाबा लिफ्टने आले, कारण त्यांनी नोकरीभर एका मोठ्या कचेरीची लिफ्ट चालवली होती आणि जिना चढणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चौकट उचलली, अलगद उलटी करून विटांवर ठेवली. मग जाळीवरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, “वाळा ग बायांनो. पोराचं एकदा तरी काहीतरी होऊ दे.”

आणि लिफ्टने खाली गेले.

टाकीमागे शास्त्रज्ञाने चष्मा काढून पुसला. इथे वाफ नव्हती. बाबा! त्यांना ओरडून सांगावं की मी बघितलं. तो उठणारच होता, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

वहिनी आली. तिच्या हातात बादली होती, बादलीत एकच रुमाल. तो तिने दोरीवर टाकला, मागे वळून पाहिलं, आणि चौकट फटकन उलटी केली. “भाऊजी विसरले असणारच,” ती चिमट्यांना म्हणाली. “जेवणात मीठ विसरतात, मिरच्या कसल्या लक्षात ठेवतायत.” मुळात कोरडाच असलेला तो रुमाल परत बादलीत टाकून ती गेली.

शास्त्रज्ञ परत खाली बसला. आता उठण्यात अर्थ नव्हता, कारण नेमकं काय चाललंय हेच कळेनासं झालं होतं.

मग दादा आला, कानाला फोन लावून. एका हाताने चौकट पेलताना त्याची तारांबळ उडाली. “हो मावशी. हो, आत्ताच केलं उलटं,” तो फोनवर म्हणत होता. “रोज करतो, तो गेल्यावर. नाही गं, त्याला नाही सांगितलं. बाबांना पण नाही, कोणालाच नाही. तू फक्त मला सांगितलंस ना, मग? माझ्यावर सोड.”

दादा गेला. गच्चीवर ऊन, टाकीचं टपटप पाणी आणि निळा चिमटा. वर.

शास्त्रज्ञ बाहेर आला आणि चौकटीशेजारी उकिडवा बसला. बोटांवर मोजायला लागला. मावशीने हॉस्पिटलातून एकेकाला गुपचूप फोन केला होता. तो विसरेल, दुपारी तो कामावर गेला की तू एकदा पालट, कोणाला बोलू नकोस. आणि कोणी बोललं नव्हतं. आपल्या घरात इतकी गुपितं इतकी नीट ठेवली जातात, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. तो पालटायचा, बाबा परत जागेवर आणायचे. वहिनी पालटायची, दादा परत जागेवर आणायचा. सगळं अर्ध्या-पाऊण तासात. चार माणसं रोज जीव तोडून राबत होती आणि मिरच्या होत्या तिथेच होत्या.

त्याला आधी वाईट वाटलं. एकालाही त्याचा भरवसा नव्हता. मग बाबांचं बोलणं आठवलं आणि थोडं कमी वाईट वाटलं. मग आठवलं की मावशी येतेय, आणि वाईट वाटून घ्यायला वेळ उरला नाही.

खाली जाऊन सगळ्यांना सांगावं का? त्याने विचार करून पाहिला. सांगितलं तर सगळे म्हणतील, बरं, आता तूच कर. आणि ‘तो एकटा आहे, नक्की विसरेल’ म्हणून दुसऱ्या दिवशी तिघंही पुन्हा चोरून येतील. कदाचित दोघंच येतील. कदाचित मावशी इस्त्रीवाल्यालाही फोन करील. आत्ता निदान तिघं नक्की येत होते, आणि तिघं पुरेसे होते. तिघांनी पालटलं की चौकट पालटते. चौथ्याने फक्त हात लावायचा नाही.

आयुष्यभर त्याने प्रत्येक गोष्टीला हात लावला होता. टाकीला, यंत्राला, ओव्हनला. आता दुकान मिळवायचं तर हात खिशात ठेवायचे होते. हे त्याला सगळ्यात कठीण गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी गच्चीवर जायचा, चौकटीसमोर उभा राहायचा, पालटल्याइतका वेळ काढायचा आणि खाली यायचा. संध्याकाळी चिमटा बघायचा. एक दिवस खाली, एक दिवस वर. चामड्यासारखी बाजू उन्हाकडे तोंड करून सुकायला लागली. बुटाचा वास गेला. फाका आक्रसल्या, गडद झाल्या, चौकट हलवली की आत खुळखुळ वाजायला लागल्या.

मावशी येण्याच्या आदल्या सकाळी वहिनी नटूनथटून बाहेर आली. “मी आज बहिणीकडे जाऊन येते. संध्याकाळ होईल.”

शास्त्रज्ञाने चहा खाली ठेवला. “आज? दुपारी नाही घरी?”

“का हो? जेवण करून ठेवलंय मी.”

“जेवणाचं नाही—” तो थांबला. “रुमाल वगैरे काही वाळत घालायचा नाही?”

वहिनीने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. दादाने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “याला वाफ बाधली.”

वहिनी गेली. राहिले दोघं. दोघांनी पालटलं की काहीच पालटत नाही. म्हणजे आज खऱ्या अर्थाने त्याची पाळी होती. इतके दिवस त्याने चौकट उलटी केली काय, न केली काय, बाकीच्यांनी मिळून ते धुऊन टाकलं होतं. आज त्याने पालटलं तरच खालची बाजू वर येणार होती. शेवटचं ऊन होतं ते.

दुपारी तो वर गेला.  चौकट उचलताना एक विचार आला: दादाही आज विसरला तर? बाबांना जेवणानंतर डुलकी लागली तर? त्याने पालटलं, चपला हातात घेऊन टाकीमागे गेला आणि पाय ओले करत बसला. लाँड्रीत उशीर झाला तर झाला. लिफ्ट वाजली. बाबा. मग जिना वाजला. दादा. निळा चिमटा वर होता तो खाली गेला, वर आला, खाली गेला आणि खालीच राहिला.

टाकीमागे बसून शास्त्रज्ञाने मनातल्या मनात दोघांच्या पाठीवर थाप मारली.

मावशी काठी टेकत आली, तिला खुर्ची दिली, पायाखाली उशी दिली. चौकट टेबलावर आणली. सगळे भोवती उभे राहिले. मावशीने बाबांना डोळा मारला. मग दादाला. मग वहिनीला. प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच, आणि प्रत्येकाने छताकडे पाहिलं.

मावशीने चिमटे काढले. मधली एक फाक उचलली. दोन्ही बाजू निरखल्या, हुंगली आणि वाकवली.

कट्.

कोणी श्वास घेतला नाही. मिरच्या उघड्या असल्यामुळे ते योग्यही होतं. मावशीने कोपऱ्यातली दुसरी उचलली. कट्. तिसरी तर हातात घेतानाच मोडली.

“हं,” मावशी म्हणाली. “खरं सांग. किती वेळा पालटलंस?”

शास्त्रज्ञाने प्रामाणिकपणे विचार केला. “कामाला आलं ते एकदाच.”

“एकदाच?”

“बाकी वेळा मी हात लावला नाही, म्हणून झालं.”

मावशीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, म्हणजे मी होतो. दादाने मान हलवली, म्हणजे मी होतो. वहिनीने तर पदराआडून एक बोट स्वतःकडे दाखवलं. मावशीच्या ओठांची हालचाल व्हायला लागली. ती मोजत होती. तीन माणसं, रोज एकेकदा, अधिक हा. तिने दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा तिच्या कपाळावर आठी पडली, आणि शास्त्रज्ञाला ती आठी ओळखीची वाटली. ती त्याचीच होती, गेले काही दिवस.

“मला काही कळत नाहीये,” मावशी शेवटी म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य कोणी कधी ऐकलं नव्हतं. “पण मोडली ती मोडली. सोमवारपासून दुकानात बस. मोज्यांशिवाय.”

सोमवारी शास्त्रज्ञ उघड्या पायांत चपला घालून दुकानात गेला. हवा कोरडी होती. चष्मा स्वच्छ होता. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस नाकडोळ्यांसकट दिसत होता. दाराच्या काचेवर दोरीने एक पाटी टांगलेली होती, एका बाजूला ‘दुकान बंद’, दुसऱ्या बाजूला ‘दुकान उघडे’. त्याने ती उलटी केली, बाहेर जाऊन वाचून खात्री केली आणि गल्ल्यामागे ताठ बसला.

थोड्या वेळाने मावशी आतल्या खोलीतून काठी टेकत आली. तिचा चष्मा आतच राहिला होता. “पाटी विसरलास ना?” ती पुटपुटली, जाता जाता पाटी फिरवली आणि मिरच्या कांडायला आत गेली.

आता ‘दुकान उघडे’ शास्त्रज्ञाला आतून दिसत होतं, म्हणजे रस्त्याकडे ‘दुकान बंद’. बाहेर एक बाई आली, पाटी वाचली, निघून गेली. एक म्हातारे गृहस्थ आले, तेही गेले. त्याचा हात आपोआप पाटीकडे गेला.

तो थांबला. हात मागे घेतला, खिशात घातला. समोरच्या फुटपाथवरून, सहज फिरायला निघाल्यासारखे, इकडेतिकडे बघत बाबा दुकानाकडे येत होते.